कारण : वरीलप्रमाणे

आत्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं. एकतीस वर्षं ती फौजदारी कोर्टात न्यायाधीशांच्या डाव्या हाताला बसून टकटक करत राहिली. साक्षीदार रडले, वकील हातघाईवर आले, एकदा तर आरोपी पिंजऱ्यातच आडवा झाला, पण हिचं आपलं चालूच. एवढ्या वर्षांत भर कोर्टात ती स्वतःहून एकच वाक्य बोलली, आणि ते होतं, "साहेब, कागद संपले." निवृत्तीनंतर मात्र तिने सगळी कसर घरच्यांवर भरून काढली. भावाच्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ती राहायची आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून बोलायला सुरुवात करायची. खालचे कामगार "आत्या आली" म्हणायचे ते तिला बघून नव्हे, ऐकून.

त्या रविवारी लाँड्री बंद होती आणि आत पार्टी होती. भाची निघाली होती. भाचीला घरीदारी सगळे शिडी म्हणत, कारण ती उंच होती आणि लहानपणापासून जमिनीवर कमी आणि कशावर तरी जास्त असायची. आता ती बंदरातली क्रेन चालवायला शिकणार होती. दोनशे अर्जांतून बारा जागा, त्यातली एक हिची. साडेपाचची बस, रात्रभराचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजेरी. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की आठला जो हजर नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. त्या गावाला दुसरी बस थेट गुरुवारी होती.

शिडी चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिच्या वेण्या, तिचे ताप, तिचे फुटलेले गुडघे सगळं आत्याच्याच हातचं. गेला महिनाभर आत्या येईल त्याला सांगत होती, "जाऊ दे बाई, घरात जरा शांतता होईल." ती हे इतक्या मोठ्याने आणि इतक्यांदा सांगायची की कोणाचाच त्यावर विश्वास उरला नव्हता.

इस्त्रीच्या लांब टेबलावर केक, वेफर्स आणि लिंबूसरबताचं भलं मोठं पातेलं होतं. छताखालच्या दांड्यांवर प्लास्टिकमधले कोट आणि लग्नातले झगे लटकत होते, आणि त्यांच्यातून वाट काढत सगळे नाचत होते. शिडीच्या गिर्यारोहण क्लबातली दहा पोरंपोरी होती. लाँड्रीतले कामगार बायकांसकट आले होते, आणि मुख्य इस्त्रीवाल्याने आपलं आठ महिन्यांचं बाळही आणलं होतं. मोठ्यांसाठी टेबलाखाली बर्फात बिअरच्या चार बाटल्या होत्या. त्यातली एक दादाच्या, म्हणजे आत्याच्या भावाच्या आणि शिडीच्या वडिलांच्या, हातात होती आणि तो ती उंच धरून असा नाचत होता की त्याच्या गुडघ्यांची सगळ्यांनाच काळजी वाटावी. एकामागून एक गाणी वाजत होती आणि धुण्याच्या यंत्राचं झाकण ठेक्यावर थडथडत होतं.

समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना दुपारी झोपायची सवय होती. त्यांनी पोलिसांना फोन केला : लाँड्रीत अल्पवयीन पोरं दारू पिऊन धुडगूस घालताहेत.

तीन वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. शिडी मागच्या खोलीतून हात पुसत आली आणि तिनेच दार उघडलं. दारात एक फौजदार आणि एक हवालदार उभे होते. फौजदार कोवळा होता. गणवेशाची घडी अजून मोडली नव्हती आणि मिशीही नव्यानेच रुजू झालेली दिसत होती. हवालदार निवृत्तीला टेकलेला, आणि त्याच्या काखेत एक जाडजूड रजिस्टर होतं.

फौजदाराने दोन पावलं आत टाकली आणि तो थबकला. "दारूचा वास येतोय."

"वास? कसला वास?" दादाने विचारलं.

"उग्र वास येतोय. हा बिअरचा नाही. सगळ्या हॉलमध्ये येतोय."

सगळ्यांनी मनापासून नाकं वर करून हुंगलं. इस्त्रीवाल्याने हुंगलं, त्याच्या बायकोने हुंगलं, आत्यानेही एक खोल श्वास घेतला. "नाही हो, काहीच नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

एकाच वेळी इतकी माणसं इतक्या निष्पाप चेहऱ्याने खोटं बोलताना फौजदाराने नोकरीत कधी पाहिली नव्हती. तसं त्याच्या नोकरीला झाले होते पाच महिने. त्याचा संशय बळावला.

"दार लावा," तो म्हणाला. "कोणीही बाहेर जायचं नाही. तोंडाने फुंकायचं मशीन मागवलंय. एकेकाची तपासणी होईल आणि मगच सुटका. हवालदार, सगळ्यांना ताब्यात घेतल्याची नोंद करा."

"मशीन कधी येणार?" शिडीने विचारलं.

"ते हायवेवर आहे. सहापर्यंत येईल."

शिडीने घड्याळाकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं.

दादाने बाटली खाली ठेवली आणि हात जोडले. "साहेब, पोरीची साडेपाचची बस आहे. तिच्या जन्माचा प्रश्न आहे. बाकीच्यांना ठेवा, मला ठेवा, पण तिला जाऊ द्या."

"नियम सगळ्यांना सारखा," फौजदार म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण वाईट वाटलं म्हणून नियम मोडायचा नाही, असं त्याला कोणीतरी शिकवलं असणार.

हवालदार इस्त्रीच्या टेबलापाशी बसला, केक जरा बाजूला सरकवला आणि लिहू लागला. नाव, वय, ताब्यात घेण्याचं कारण. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. एकेक जण पुढे येऊन नाव सांगत होता. चार वाजून गेले तरी लिहिणं चालूच होतं. सरबत कोमट झालं, क्लबातली पोरं भिंतीला टेकून बसली आणि गाणी तर केव्हाच बंद झाली होती.

आत्या इतका वेळ गप्प होती. हे इतकं विपरीत होतं की इस्त्रीवाल्याने दादाला हळूच विचारलंसुद्धा, "आत्यांना बरं नाही का?" पण आत्या टेबलाशी उभी होती आणि तिची बोटं टेबलावरच्या चादरीवर हलत होती. कायदा तिने कधी पुस्तकातून वाचला नव्हता. तो तिच्या बोटांतच होता. एका मोठ्या साहेबांच्या हाताखाली तिने नऊ वर्षं काढली होती, आणि अशा प्रकरणात ते दरवेळी तोच परिच्छेद सांगायचे. तो तिने इतक्यांदा टाइप केला होता की बोटं हलली की शब्द आपोआप यायचे.

"हवालदारसाहेब," ती म्हणाली, "माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला वाचायचंय."

"आजी, तुम्ही बसा ना खुर्चीवर," फौजदार म्हणाला.

"आजी कोण? आत्या म्हणा. आणि मला ताब्यात घेतलंय ना? मग कशासाठी घेतलंय ते मला कळायला नको?"

फौजदाराने मान डोलावली. हवालदाराने रजिस्टर मोठ्या प्रेमाने तिच्याकडे फिरवलं. आपलं अक्षर कोणीतरी बघतंय म्हटल्यावर तो खूशच झाला. आत्याने चष्मा लावला आणि कोर्टात पुरावा वाचून दाखवतात तशी वाचू लागली.

"क्रमांक एक. मुलगी, वय सतरा. अंगाला दारूसारखा उग्र वास. वय अठराच्या आत. सबब अल्पवयात मद्यप्राशन केल्याचा संशय." ही शिडी. आत्याने बोट खाली सरकवलं. "क्रमांक दोन. कारण, वरीलप्रमाणे. क्रमांक तीन, वरीलप्रमाणे. चार, वरीलप्रमाणे." बोट सातव्या ओळीवर येऊन थांबलं. "क्रमांक सात. ही मी. वय सहासष्ट. कारण, वरीलप्रमाणे."



"म्हणजे फौजदारसाहेब," आत्या चष्म्यावरून बघत म्हणाली, "माझं वय अठराच्या आत आहे?"

पहिल्यांदा इस्त्रीवाल्याच्या बायकोला हसू फुटलं. मग क्लबातली पोरं हसली, मग दादा. "तरीच! तरी मी म्हणतो हिला अजून पोच कशी येत नाही!" असं म्हणून तो टेबलावर हात आपटून हसू लागला. आत्याचा आवाज आता चढला होता आणि तिला थांबवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"पुढे ऐका. क्रमांक अठरा. वय आठ महिने. कारण, वरीलप्रमाणे."

"याचं वय बरोबर आहे हो," इस्त्रीवाल्याची बायको बाळाला उचलून दाखवत म्हणाली, "पण वास दुधाचा आहे!"

फौजदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हवालदार, हे काय?"

"साहेब, चोवीस वर्षं असंच लिहितोय," हवालदार बिचारा खरं तेच बोलला. "पहिल्याचं कारण नीट लिहायचं, पुढच्यांना वरीलप्रमाणे. आजवर कोणी वाचलंच नाही."

आत्याने रजिस्टर टेबलावर ठेवलं. तिची दहाही बोटं चादरीवर टेकली आणि हलू लागली. ती बोलू लागली तेव्हा आवाज तिचा होता, पण त्यात गंमत नव्हती. "संशय जमावावर घेता येत नाही. संशय माणसावर घ्यावा लागतो. एखादा माणूस अमुक ठिकाणी हजर होता, एवढ्याने तो संशयित होत नाही. ज्याला अडवलं, त्याच्या बाबतीत काय दिसलं, काय ऐकलं, हे अडवणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर अडवणं बेकायदा आणि तत्काळ सुटका." तिने श्वास घेतला. "फौजदारसाहेब, सुक्याबरोबर ओलं जळतं ते चुलीत. कायद्यात नाही."

फौजदाराने रजिस्टर आपल्याकडे ओढून पुन्हा वाचलं. तो उर्मट असता तर गोष्ट वेगळी झाली असती, पण तो नवा होता आणि शिकलेलं अजून विसरला नव्हता. "आम्हाला हे शिकवलं होतं," तो हळूच म्हणाला. "आत्या, तुमचं बरोबर आहे." त्याने पेन घेतलं आणि क्रमांक दोनपासून शेवटपर्यंत एक लांब रेघ मारली. "तुम्ही सगळे मोकळे आहात."

असा काही गलका झाला की समोरच्या गृहस्थांची उरलीसुरली झोपही उडाली असेल. दादाने आत्याला उचलायचा प्रयत्न केला, पण ते त्याला झेपलं नाही. शिडीने पाठीला बॅग लावली आणि दाराकडे धावली.

"एक नंबर सोडून," फौजदार म्हणाला.

शिडी थांबली.

"बाकीच्यांचं कारण लिहिलेलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला हे बोलताना त्रास होत होता. "हिचं लिहिलेलं आहे. वय सतरा, ते खरं आहे. अंगाला वास, तो मी स्वतः घेतलाय. आत्यांनी सांगितलं तसंच आहे हे. माणसावरचा संशय, कारणासकट. हिला मशीन येईपर्यंत थांबावं लागेल."

आत्याने आपल्याच हाताने बावीस जणांना सोडवलं होतं आणि जिच्यासाठी तोंड उघडलं तिलाच आत अडकवून ठेवलं होतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. बसस्टँड पंधरा मिनिटांवर.

आणि नेमकं तेव्हाच आत्याला एक विचार आला, ज्याची तिला नंतर कित्येक दिवस लाज वाटली. तिला वाटलं, बरं झालं. बस चुकेल. जागा जाईल. पोर घरीच राहील, उद्या सकाळी जिन्यातून हाक मारेल, आत्या, माझे मोजे कुठायत? तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. एकतीस वर्षं ती गप्पच बसली होती आणि त्यात ती पटाईत होती. कोणी तिला दोष दिला नसता. कायदाच तसा होता.

शिडीने बॅग खांद्यावरून उतरवली, जमिनीवर ठेवली आणि ती बॅगेवर बसली. चार वर्षांची असताना आईची वाट बघत ती उंबऱ्यावर अशीच बसायची, गुडघे जवळ घेऊन.

"फौजदारसाहेब," आत्या म्हणाली, "वास कुठून आला?"

"म्हणजे?"

"तोंडातून आला की हातातून? हिच्या जवळून आला की खोलीतून? तुम्हीच लिहिलंय, अंगाला वास. अंग म्हणजे काय? साक्षीदाराला हा प्रश्न पहिला विचारतात. आणि संशय लगेच फिटण्यासारखा असेल तर तो फेडायचा. मशीनची वाट बघत माणूस डांबून ठेवायचा नाही. हेही मी टाइप केलंय."

फौजदाराने मान वर केली आणि हुंगलं. मग त्याने हात पाठीमागे बांधले आणि तो नाकाच्या मागे चालू लागला. टेबलाला वळसा घालून, कोटांच्या रांगेतून, धुण्याच्या यंत्राजवळून तो निघाला आणि त्याच्या मागोमाग हॉलमधले सगळे निघाले, बाळासकट. मोकळे असूनही कोणी घरी गेलं नव्हतं. मागच्या खोलीच्या दारात फौजदाराच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत डाग काढायचं छोटं टेबल होतं. त्यावर एक पांढरा शर्ट पसरलेला, बाहीवर निळ्या शाईची पुसट फराटा, आणि शेजारी झाकण उघडं असलेला मोठा डबा.

"हे काय आहे?"

"हे होय?" इस्त्रीवाला म्हणाला. "हे स्पिरिट. शाईचे डाग काढायला. बॅगेवर पत्ता लिहिताना हिचं पेन गळलं, म्हणून घासत होती."

"आणि तुम्ही मला सांगताय वास येत नाही?"

इस्त्रीवाला खरोखर गोंधळला. "पण साहेब, हा वास नाहीच. हा तर आपला रोजचा आहे."

फौजदार आधी ओठ दाबून हसू आवरत होता, मग त्याने प्रयत्न सोडला. हसता हसता त्याने टोपी काढली आणि डोळे पुसले. हवालदारही हसला, आणि गेली अठरा वर्षं त्याच रस्त्यावर गस्त घालताना हा वास आपण गुत्त्याचा समजत होतो, हे त्याने कबूल करून टाकलं.

शिडीने हात पुढे केले. फौजदाराने तिच्या तळव्यांचा वास घेतला आणि मान मागे खेचली. मग त्याने तिला समोर उभं करून एक वाक्य बोलायला सांगितलं.

"मला बस पकडायची आहे," शिडी म्हणाली.

"लिंबूसरबत," फौजदार म्हणाला, आणि त्याने क्रमांक एकवर स्वतःच्या हाताने रेघ मारली. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, "संशय फिटला. सुटका." खाली सही केली. "मी जीपने सोडतो," तो म्हणाला.

"नको हो," दादा बॅग उचलत ओरडला. "पोलिसांच्या जीपमधून उतरली तर सगळा बसस्टँड विचारेल काय केलंस म्हणून!"

मग लाँड्रीची व्हॅन निघाली. मागे कपड्यांच्या दांडीखाली चौदा माणसं कोंबली होती आणि वळण आलं की सगळे एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. शर्ट ओलाच होता, तो एकाने खिडकीबाहेर धरला होता. आत्या दोन रेशमी झग्यांच्या मधे दबली होती आणि फौजदाराची नक्कल करत होती. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी ते स्टँडवर पोचले तेव्हा बसचं इंजिन सुरू होतं.

शिडीने दादाला मिठी मारली, इस्त्रीवाल्याला मारली, बाळाच्या गालावर ओठ टेकले. मग ती आत्यासमोर आली. आत्याने बरंच ठरवलं होतं, पोचल्यावर फोन कर, उंचावर जेवत जाऊ नकोस, मोजे डाव्या कप्प्यात आहेत. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. शिडीने वाकून तिला घट्ट धरलं, मग ती बसच्या पायरीवर चढली. आणि तिथेच तिला कळलं की मागून कोणीतरी बाही धरली आहे.

आत्याची बोटं बाहीवर होती. ती ढिली होईनात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"आत्या," शिडी हसत आणि रडत म्हणाली, "मला अडवलंयस. कारण सांग."

आत्याने तोंड उघडलं. तिच्याजवळ कारणं होती, तेरा वर्षांची होती. त्यातलं एकही ती या मुलीपुढे मोठ्याने वाचून दाखवू शकली नसती.

"कारण नाही," ती म्हणाली, आणि तिने बाही सोडली.